काळी काच, गरम गाडी

होळी झाली की मेहकर तालुक्यातले ऊन बदलते. जानेफळच्या बाजारात दुपारी तासभर उभी ठेवलेली गाडी उघडली, की भट्टीचे दार उघडावे तसा झोत तोंडावर येतो. स्टिअरिंग धरायला रुमाल लागतो, सीटबेल्टची लोखंडी कडी हाताला चटका देते. मग मोबाइलवर फिल्मचे रोल शोधले जातात. काही शे रुपयांत काळी फिल्म, सोबत रबरी पट्टी, कटर आणि ‘घरच्या घरी लावा’ असे सांगणारा व्हिडिओ. शहरातला कार ॲक्सेसरीजचा दुकानदार मात्र कामाचे काही हजार सांगतो. तेव्हा फिल्म स्वतः लावावी की कारागिराकडून लावून घ्यावी, हा हिशेब घरोघरी होतो.

हा हिशेब करताना मजुरीवर फार बोलले जाते आणि फिल्मवर फार कमी. वास्तविक काचेवर काय चिकटवायचे हे ठरल्याशिवाय कोणी चिकटवायचे याला अर्थ नाही. चुकीची फिल्म निष्णात कारागिराने एकही बुडबुडा न ठेवता लावली, तरी ती चुकीचीच राहते.

सूर्याकडून जमिनीपर्यंत जी ऊर्जा येते, तिचे ढोबळ तीन वाटे पडतात. अतिनील किरणांचा वाटा पाचेक टक्के. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचा चाळिशीच्या थोडा पुढे. उरलेली सुमारे निम्मी ऊर्जा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरणांची. ती डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीला जाणवते. गाडीची साधी काच उजेड आत सोडते आणि या अवरक्त किरणांपैकीही बरेच सोडते. आतली सीट, डॅशबोर्ड ती ऊर्जा शोषून तापतात आणि स्वतः उष्णता बाहेर टाकू लागतात. पण ती उष्णता लांब तरंगलांबीची असते, काच तिला बाहेर जाऊ देत नाही. आत येणारी वाट मोकळी आणि बाहेर जाणारी बंद, म्हणून गाडीची भट्टी होते.

आता स्वस्त काळी फिल्म काय करते ते पाहा. ती म्हणजे रंगवलेले पॉलिस्टर. रंग दिसणारा उजेड अडवतो, म्हणून काच काळी दिसते आणि डोळ्यांना थंड वाटते. अवरक्त किरणांचे मात्र त्या रंगाला फारसे सोयरसुतक नसते. त्यातले पुष्कळसे आरपार जातात. जो उजेड अडला तोही नाहीसा होत नाही, तो फिल्ममध्ये उष्णता होऊन बसतो. गाडी पळत असेल तर बाहेरचा वारा त्यातली बरीचशी उष्णता काचेवरून काढून नेतो. गाडी उभी असेल तर तापलेली काच आतल्या माणसाच्या खांद्याजवळ छोट्या तव्यासारखी उभी राहते. काही फरक पडतोच, नाही असे नाही. पण काळेपणाच्या मानाने तो फार थोडा असतो. उलट, सिरॅमिक म्हणून विकल्या जाणाऱ्या चांगल्या फिल्ममध्ये अवरक्त किरण अडवणारे अतिसूक्ष्म कण असतात. ती जवळजवळ पारदर्शक असूनही काळ्या फिल्मपेक्षा जास्त उष्णता रोखू शकते. म्हणजे नुसता रंग बघून फिल्म निवडणे हे नुसता डबा बघून तूप घेण्यासारखे झाले.

दुकानात यावर एक प्रयोग करून दाखवतात. एक तापता दिवा, त्यापुढे फिल्म लावलेली काच, आणि पलीकडे तुमचा हात. फिल्म नसताना हात भाजतो, फिल्म ठेवली की गार. प्रयोग खोटा नाही, पण अर्धा आहे. तो दिवा मुख्यतः अवरक्त किरण सोडतो, आणि सूर्य तसा नाही. त्याची चाळीसहून जास्त टक्के ऊर्जा दिसणाऱ्या उजेडात असते. शिवाय ‘99 टक्के इन्फ्रारेड रोखते’ असे लिहिलेले असते तेव्हा तो आकडा अनेकदा अवरक्ताच्या एखाद्या निवडक पट्ट्यापुरताच मोजलेला असतो. विचारायचा आकडा वेगळा आहे. सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी किती टक्के बाहेर राहते? कंपनीच्या पत्रकावर तो टीएसईआर या अक्षरांनी दिलेला असतो. दुकानदाराला तो सांगता आला नाही, तर दिव्याचा खेळ बघून चहा पिऊन परत यावे.

अतिनील किरणांची गोष्ट निराळी आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची. त्यांचे दोन प्रकार आपल्या कामाचे. यूव्ही-बी कातडी भाजतात आणि शरीरात ड जीवनसत्त्व तयार करतात. त्यांना काच जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणून बंद काचेतून कितीही ऊन खाल्ले तरी ड जीवनसत्त्व मिळत नाही. यूव्ही-ए मात्र कातडीत खोल जातात, वर्षानुवर्षे सुरकुत्या आणि डाग घडवतात, आणि ते बाजूच्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात. समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर दाबून केलेली असते, तो थर यूव्ही-ए अडवतो. बाजूच्या काचा एकेरी, कडक केलेल्या असतात. अमेरिकेत 29 गाड्यांच्या काचा मोजून 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समोरच्या काचा सरासरी 96 टक्के यूव्ही-ए अडवत होत्या, चालकाच्या बाजूच्या काचा सरासरी 71 टक्के. आणि त्यातही एखादी गाडी 44 टक्क्यांवर होती. म्हणजे कोणत्या गाडीची काच काय करते हे बाहेरून कळत नाही.

याचा परिणाम चेहऱ्यावर कसा दिसतो, त्याचे एक छायाचित्र वैद्यकीय जगात गाजलेले आहे. 28 वर्षे मालवाहू गाडी चालवणाऱ्या 69 वर्षांच्या एका माणसाचे ते छायाचित्र 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी, डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेली, जणू वीस वर्षांनी म्हातारी. तिकडे चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे हा भाग उजव्या गालाच्या आणि उजव्या कोपराच्या वाट्याला येतो.

जानेफळच्या चालकाला यात एक गंमत लागू होते. मेहकर गावाच्या दक्षिणेला, खामगाव उत्तरेला. सकाळी नोकरीसाठी खामगावकडे निघालेल्या माणसाच्या उजव्या हाताला पूर्व असते. संध्याकाळी परत येताना त्याच उजव्या हाताला पश्चिम येते. दोन्ही वेळा ऊन त्याच्यावर. मेहकरला जाऊन-येऊन करणाऱ्याचे बरोबर उलटे. दोन्ही वेळा ऊन डावीकडून, म्हणजे शेजारी बसलेल्या माणसावर. रस्ते वळणावळणाचे असतात, हिशेब तंतोतंत बसत नाही. पण एकाच मार्गावर वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्याने आपली उन्हाची बाजू कोणती हे एकदा पाहून ठेवावे. सावळ्या कातडीला त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा पुष्कळ कमी असतो हे खरे. मात्र वांग, काळे डाग यांच्या बाबतीत सावळी कातडीच अधिक सोसते. ल्युपससारखा आजार असलेल्यांना, किंवा डॉक्सिसायक्लिनसारखे उन्हाची संवेदनशीलता वाढवणारे औषध चालू असलेल्यांना गाडीतले ऊनही बाधू शकते.

आणि इथे काळेपणाचा मुद्दा पुरता निकालात निघतो. यूव्ही-ए अडवण्यासाठी फिल्म काळी असण्याची मुळीच गरज नाही. जवळपास पाण्यासारखी स्वच्छ फिल्मही 99 टक्के अतिनील किरण अडवू शकते. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा हे त्याहून स्वस्त उत्तर आहे, आणि त्याला कुठला नियम आडवा येत नाही.

नियमांकडे येण्याआधी रात्रीचा रस्ता पाहिला पाहिजे, कारण नियम तिथूनच निघाले आहेत. जानेफळच्या बाहेर पडले की रस्त्याला दिवे नाहीत. हंगामात सोयाबीनने, कपाशीने भरलेल्या ट्रॉल्या मागचा लाल दिवा नसताना निघतात. बैलगाडी असते, रस्त्याच्या कडेने घरी परतणारी माणसे असतात, मध्येच बसलेली गाय असते. काळी काच लावलेला माणूस सांगतो, “मला तर रात्री साफ दिसतं.” तो खोटे बोलत नसतो. डोळा उजेड मोजत नाही, तो आसपासच्या उजेडाशी तुलना करतो. समोरून येणारा दिवा निम्मा मंद झाला तरी दिवाच दिसतो. मेंदू बाकीचे सांभाळून घेतो. पण राखाडी रस्त्यावरची मातकट ट्रॉली आणि काळोखातला सावळा माणूस यांचा पार्श्वभूमीशी असलेला फरक मुळातच पुसट असतो. उजेड कमी झाला की हा पुसट फरक ओळखण्याची डोळ्याची क्षमता आधी जाते. दिसणाऱ्या गोष्टी दिसतच राहतात, न दिसलेल्या गोष्टींची नोंद होत नाही, म्हणून सगळे ठीक वाटते.

ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. डिपरवर असलेल्या दिव्याचा उपयोगी उजेड साधारण दोन-तीन सेकंदांच्या अंतराइतकाच पडतो. त्यातला अर्धा सेकंद अंधुकपणाने खाल्ला, तर ब्रेक दाबायला उरते काय? बाजूच्या काचांचे मोल लोक कमी समजतात. फाट्यावर वळताना उजवीकडून येणारी दुचाकी त्याच काचेतून दिसते, आणि दोन्ही बाजूंचे आरसेही त्याच काचांतून पाहायचे असतात.

वयाचा भागही जोडा. भिंग पिवळसर होते, बाहुली लहान राहते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. मुलाने हौसेने काळ्या केलेल्या काचेतून रात्री लग्नाहून परतताना वडील गाडी चालवतात, तेव्हा दोन चाळण्या एकावर एक लागलेल्या असतात. मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर तिसरी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या शंभराव्या नियमाने याच्यासाठी दोन आकडे ठरवून दिले आहेत. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के. 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देताना काचेवर वरून काळी फिल्म किंवा दुसरे काहीही चिकटवायला मनाई केली. कंपनीतून आलेली काच या मर्यादेत असेल तर चालेल, वरून चिकटवलेले चालणार नाही. पुढे 2020 मध्ये नियम बदलला आणि 1 एप्रिल 2021 पासून आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा थर असलेली ‘सेफ्टी ग्लेझिंग’ नियमात आली. त्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितले की 70 आणि 50 टक्क्यांची मर्यादा पाळणारी, मानकात बसणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. हा निकाल केरळचा आहे. महाराष्ट्रात तो दाखला म्हणून दाखवता येईल, पण नाक्यावरच्या हवालदाराला तो बांधून ठेवत नाही. म्हणून ‘आता फिल्म कायदेशीर झाली’ असे दुकानदार छातीठोकपणे सांगतो तेव्हा त्याचे निम्मेच ऐकावे. गडद फिल्म तर कालही बेकायदा होती, आजही आहे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती गुणाकारात. रोलवर लिहिलेला आकडा फिल्मचा असतो, गाडीच्या काचेचा नसतो. गाडीची हिरवट काच मुळातच सगळा उजेड सोडत नाही. समजा ती 75 टक्के सोडते. तिच्यावर ‘50 टक्के’ची फिल्म लावली, तर आत येणारा उजेड 75 चा निम्मा, म्हणजे साडेसदतीस टक्के. नियमाच्या खूप खाली. ‘70 टक्के’ची लावली तर साडेबावन्न, जेमतेम पास. समोरच्या काचेचे गणित आणखी घट्ट आहे. तीही 75 टक्के सोडत असेल, तर 90 टक्के उजेड सोडणारी, जवळजवळ अदृश्य फिल्मसुद्धा तिला साडेसदुसष्टावर आणून नापास करते. मूळ काचच 78 च्या वर असेल तर बात वेगळी. म्हणून समोरच्या काचेला हात न लावलेला बरा. यूव्ही-ए तर ती स्वतःच अडवते.

घरी फिल्म लावणाऱ्याची खरी अडचण हीच. आपली काच किती टक्क्यांची आहे हे त्याला माहीत नसते, आणि मघाशी म्हटले तसे डोळा ते मोजू शकत नाही. व्हिडिओ पाहून हात तयार होतील, मीटर कुठून आणणार? चांगला कारागीर आधी कोरी काच मोजतो, मग फिल्म निवडतो, लावल्यावर पुन्हा मोजून दाखवतो आणि फिल्मचे कंपनीचे प्रमाणपत्र हातात देतो. त्याला दिलेले पैसे प्रामुख्याने या मोजमापाचे असतात. ज्याच्याकडे मीटर नाही, तो कारागीर आणि तुम्ही या बाबतीत एकाच पायरीवर उभे आहात. तुमच्यापेक्षा त्याचे बुडबुडे कमी येतील एवढेच.

तरी बुडबुडे ही क्षुल्लक गोष्ट नाही, आणि त्यामागचे विज्ञान मजेदार आहे. फिल्मच्या पाठीवर दाबाने चिकटणारा गोंद असतो. कोरड्या काचेला तो टेकला की तिथेच धरतो, सरकवायची सोय राहत नाही. म्हणून काचेवर आणि गोंदावर शाम्पूचे थेंब टाकलेले पाणी फवारतात. या पाण्याच्या थरावर फिल्म तरंगते, हवी तशी सरकवता येते. जागेवर बसली की रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी ढकलून काढायचे. जे सूक्ष्म पाणी उरते ते फिल्ममधून हळूहळू वाफ होऊन निघून जाते. एप्रिलमध्ये याला काही दिवस लागतात, श्रावणात काही आठवडे. म्हणून पावसाळ्यात हे काम काढू नये, आणि फिल्म लावल्यावर तीन-चार दिवस काच खाली करू नये, नाहीतर वरची कड रबरात अडकून सोलली जाते.

पाणी कुठले वापरता यावर बरेच ठरते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, कारण त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी जुळून चिकट साका तयार करतात. तेच पाणी फिल्मखाली वाळले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पांढरे ठिपके कायमचे बसतात. व्हिडिओ बनवणाऱ्याच्या गावी नळाचे पाणी मऊ असेल, त्याला हे सांगायचे सुचत नाही. इथे जारचे किंवा फिल्टरचे पाणी घ्यावे.

दुसरा शत्रू धूळ. धुळीचा एक कण फिल्मखाली आला तर फिल्म त्याच्यावर तंबूसारखी उभी राहते, आणि कणाच्या दहापट मोठा फुगा दिसतो. अंगणात, वाऱ्यावर, शेजारी मळणी चालू असताना हे काम करणे म्हणजे फुगे पेरणेच. चांगल्या दुकानात बंद खोली असते, जमीन ओली केलेली असते. घरी करायचे असेल तर शेड बंद करून, खाली पाणी शिंपडून, पहाटे वारा पडलेला असताना करावे. अंगात लोकरी किंवा धागे सोडणारा कपडा नको.

छोट्या, सपाट काचा हाताने करणे अवघड नाही. मागच्या दारापुढची तिकोनी काच, जीपसारख्या गाडीची सपाट मागची खिडकी. इथे दोन-तीन प्रयत्नांत जमते. दारांच्या काचा मध्यम अवघड. खरी परीक्षा मागच्या मोठ्या काचेवर. ती दोन्ही दिशांना वाकलेली असते, फिल्म मात्र सपाट. कलिंगडावर कागद गुंडाळून पाहा, चुण्या पडल्याशिवाय राहणार नाहीत. कारागीर काचेच्या बाहेरच्या बाजूला फिल्म पसरतो आणि हीट गनने चुण्या आकसवून काचेचा आकार आधी फिल्मला देतो. पॉलिस्टर प्रामुख्याने एकाच दिशेने आकसते, म्हणून फिल्मचा तुकडा रोलमधून कोणत्या दिशेने कापायचा हेही ठरलेले असते. उलटा कापला तर हीट गन कितीही फिरवली तरी चुण्या हलत नाहीत. हीट गन एकाच जागी रेंगाळली तर फिल्म जळते, कधी काच तडकते. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला धुके घालवणाऱ्या बारीक तपकिरी रेषा असतील, तर त्यांच्यावर पाते फिरले की ती रेषा गेली. हे काम घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. इथे मजुरी वाचवणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीसाठी बारा आण्यांचा मसाला करणे होय.

जुनी फिल्म काढताना तर जास्तच जपावे. गावात जांभळट काचांच्या गाड्या दिसतात, त्या मुळात काळ्या फिल्मच्या होत्या. काळा रंग अनेक रंग मिसळून केलेला असतो; उन्हात त्यातले काही लवकर विरतात, उरलेल्यांची जांभळी छटा राहते. अशी फिल्म निघताना गोंद काचेवरच सोडते. तो काढायला पेट्रोल किंवा थिनर घेऊन बंद गाडीत बसणारे लोक आहेत. त्या वाफा बंद जागेत चक्कर आणतात, शिवाय एका ठिणगीचा प्रश्न असतो. गरम वाफ, साबणाचे पाणी आणि सगळी दारे उघडी, एवढ्यावर भागते. फक्त वेळ द्यावा लागतो. नवीन फिल्मवर अमोनिया असलेला काच पुसायचा द्राव वापरू नये, त्याने रंग आणि गोंद दोन्ही खराब होतात.

फिल्म धातूचा थर असलेली आहे का, हेही विचारून घ्यावे. धातू रेडिओ लहरी अडवतो. मेहकरला समृद्धी महामार्गावर चढ-उतार करणाऱ्यांना फास्टॅगशिवाय गत्यंतर नाही, आणि टॅग समोरच्या काचेला आतून चिकटवलेला असतो. त्याच्यासमोर धातूची फिल्म आली तर टोलवरचा वाचक त्याला ओळखत नाही. मोबाइलचे सिग्नल आणि जीपीएसही मंदावतात.

याच महामार्गावर सिंदखेड राजाजवळ 1 जुलै 2023 च्या पहाटे खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. दार गाडीखाली दबले होते. वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर पडले. तिथे प्रश्न फिल्मचा नव्हता, पण काच फुटणे ही सुटकेची वाट असते हे त्या रात्रीने दाखवले. गाडीची बाजूची काच फुटली की तिचे बोथट दाणे होऊन खाली पडतात. जाड फिल्म हे दाणे धरून ठेवते. दगड लागला तर हे चांगले, कारण तुकडे अंगावर येत नाहीत. अडकलेल्या माणसाला मात्र काच फोडल्यावर फिल्मही ढकलून फाडावी लागते, आणि तेवढा वेळ जातो. फिल्म लावणाऱ्याने काच फोडायची छोटी टोकदार हातोडी आणि पट्टा कापायचे पाते हाताशी ठेवावे, डिकीत नव्हे.

राहता राहिली उभी गाडी. इथे फिल्मचा फारसा जोर चालत नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांच्या अभ्यासात उन्हातल्या बंद गाडीचे तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढले, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. ही मोजणी बाहेर 22 ते 35 अंश तापमान असताना केलेली होती. आपल्याकडे मे महिन्यात सुरुवातच चाळिशीच्या पुढून होते. लिंबाची सावली, समोरच्या काचेआड ठेवलेला चंदेरी पडदा आणि निघण्याआधी सगळी दारे दोन मिनिटे उघडी ठेवणे, एवढे मोफत किंवा जवळपास मोफत उपाय आधी करावेत. नवी गाडी घेत असाल तर रंगही पाहा. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने एकाच प्रकारच्या दोन गाड्या तासभर उन्हात ठेवल्या, तेव्हा चंदेरी गाडीच्या आतली हवा काळीपेक्षा पाच-सहा अंशांनी थंड होती.

लहान मुले या उष्णतेला मोठ्यांपेक्षा फार लवकर बळी पडतात. त्यांचे शरीर मोठ्यांच्या मानाने तीन ते पाच पट वेगाने तापते. अंगणात कुलूप न लावलेली गाडी म्हणजे मुलांच्या लपाछपीची जागा. आत शिरलेले मूल दार ओढून घेते, आतून कडी उघडता येत नाही, आणि काचा काळ्या असतील तर शेजारून जाणाऱ्याला ते दिसतही नाही. उभ्या गाडीला दिवसाही कुलूप असू द्यावे, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. आणि उन्हाळ्याच्या दुपारी मूल हाकेला ओ देत नसेल, तर शेजारीपाजारी विचारत फिरण्याआधी गाडीची चारही दारे आणि डिकी उघडून पाहावी.